रामकुंडावरची वही आणि सर्व्हरचा ठसा

भाचीला नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत इंटर्नशिप लागली आणि दुसऱ्याच दिवशी ती लॅपटॉप घेऊन आमच्याकडे इंदिरानगरला आली. कंपनीतल्या सरांनी व्हॉट्सॲपवर सर्व्हरचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड पाठवला होता. ‘एकदा आत जाऊन बघून ठेव’, एवढंच सांगितलं होतं. मी चहा टाकेपर्यंत तिनं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून सर्व्हरशी जोडणारी एसएसएचची कमांड मारलीसुद्धा. पडद्यावर चार ओळी उमटल्या. शेवटच्या ओळीत प्रश्नचिन्ह होतं आणि तिची बोटं वाय, ई, एस या अक्षरांकडे निघाली होती.

“थांब,” मी म्हणालो. “काय विचारलंय ते वाच आधी.”

“मामा, हे सगळ्यांनाच येतं. यस टाकायचं असतं.”

बरोबर होतं तिचं. सगळ्यांनाच येतं आणि सगळे यसच टाकतात. दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळून पोट भरणारा मीसुद्धा पहिली काही वर्षं डोळे मिटून यसच टाकत होतो. त्याचं फळ काय मिळालं ते पुढे सांगतोच. आधी प्रश्न काय आहे ते बघू.

त्या चार ओळींचं मराठी साधारण असं होईल: ‘या पत्त्यावरचा सर्व्हर खरा आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. त्याच्या ईडी२५५१९ किल्लीचा ठसा अमुक अमुक आहे. ही किल्ली मी याआधी कुठल्याच नावाखाली पाहिलेली नाही. तरीही पुढे जायचं का?’ (ईडी२५५१९ हे किल्लीच्या एका जातीचं नाव; किल्ली आणि ठसा म्हणजे काय ते पुढे येईल.) तुमचा कॉम्प्युटर चक्क हात वर करतोय. समोरच्याला मी ओळखत नाही, तुम्ही ओळखत असाल तर सांगा, म्हणतोय. आणि आपण त्याला ‘नियम व अटी मान्य’च्या चौकटीसारखं वागवतो.

एसएसएच म्हणजे सिक्युअर शेल. दूरच्या कॉम्प्युटरवर त्याच्याच कीबोर्डसमोर बसल्यासारखं काम करण्याची ही सोय. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असो नाहीतर फ्रँकफर्टला, नाशकात बसून त्याला कमांड देता येते. पूर्वी हेच काम टेलनेटवर चालायचं. पण टेलनेटमध्ये पासवर्डसकट सगळं उघड्यावर जायचं, पोस्टकार्डासारखं. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असे ये-जा करणारे पासवर्ड टिपून घेतले. तिथल्याच तातू यलोनेन या संशोधकानं त्यावर उतारा म्हणून एसएसएचचा पहिला अवतार लिहिला. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचं पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या दाराचा क्रमांक, २१, टेलनेटचं २३. त्यानं मधलं २२ मागितलं आणि ते मिळालं. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी एसएसएचचा खुला अवतार, ओपनएसएसएच, आणला. लिनक्सवर, मॅकवर आणि आता विंडोजवरही बहुतेकांच्या हाताखाली तेच असतं.

म्हणजे पोस्टकार्डाचं पाकीट झालं. वाटेतल्या माणसाला आता आतलं वाचता येत नाही. पण पाकीट पोचलं कुणाच्या हातात?

समजा, तुम्ही सीबीएस बसस्टँडजवळच्या एखाद्या लॉजच्या फुकट वाय-फायवर आहात. शेजारच्या खोलीतल्या माणसानं अशी व्यवस्था केली आहे की तुमच्या लॅपटॉपला त्याचाच कॉम्प्युटर राउटर वाटतो. तुम्ही सर्व्हरला हाक मारता, तो म्हणतो, ‘बोला, मीच.’ तुमचा लॅपटॉप त्याच्याशी पक्कं, न फुटणारं, गुप्त बोलणं सुरू करतो. तो तिकडे खऱ्या सर्व्हरशी दुसरं तितकंच गुप्त बोलणं सुरू करतो. इकडून आलेलं उघडायचं, वाचायचं, पुन्हा बंद करून तिकडे सरकवायचं. तुम्हाला नेहमीचा पडदा दिसतो, नेहमीच्या फाइली दिसतात. दोन्ही बाजूंचं एन्क्रिप्शन चोख आहे, फक्त मध्ये एकजण बसलाय. याला ‘मॅन इन द मिडल’ म्हणतात. आपल्याकडचा अडत्या निदान समोर तरी दिसतो, हिशेबपट्टी तरी हातात ठेवतो. हा दिसतही नाही.

भाचीनं चहाचा कप घेतला. “मग यस नको तर काय टाकू?” या प्रश्नाचं उत्तर देताना मला वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो तो दिवस आठवला.

आमचं मूळ गाव निफाड तालुक्यातलं. पंचवटीत गाडी लागते न लागते तोच दोघा-तिघांनी विचारलं, ‘कुठले पाहुणे? आडनाव काय?’ ज्यानं हा अनुभव घेतला नाही असा माणूस नाशकात शोधून सापडायचा नाही. ते सगळे भले असतील. पण प्रत्येक घराण्याचे तीर्थोपाध्याय ठरलेले असतात, आणि आम्हाला आमचे हवे होते. काकांनी कुणाला आडनाव सांगितलं नाही. फक्त गावाचं नाव घ्यायचे आणि म्हणायचे, ‘वही दाखवा.’ शेवटी एक गुरुजी आम्हाला घरी घेऊन गेले. त्यांनी लाल कापडात बांधलेली वंशावळीची वही सोडली, गावाचं पान काढलं आणि आमच्या घराण्यापाशी बोट ठेवलं. पणजोबांच्या वेळी आजोबा तिथं आले होते. खाली त्यांची सही. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पान अगदी नाकाशी नेलं. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून अख्ख्या नावाखालून रेघ ओढायची आजोबांना सवय होती. सोसायटीच्या कर्जाच्या कागदांवर, मळ्याच्या खरेदीखतावर काकांनी ती लहानपणापासून पाहिलेली. “हेच आपले,” काका म्हणाले आणि पाटावर बसले.

वही गुरुजींनी दाखवली हे खरं, पण सही कशी दिसायला हवी हे काकांना गुरुजींनी सांगितलेलं नव्हतं. ते घरून आलं होतं, दुसऱ्याच कागदावरून, कितीतरी वर्षं आधी. काकांनी आजोबांची सही कधी पाहिलीच नसती, तर ‘ही बघा तुमच्या आजोबांची सही’ असं म्हटल्यावर त्यांना मान डोलावण्यापलीकडे काय करता आलं असतं? यस टाकताना आपण मानच डोलावत असतो.

किल्ली, सही आणि ठसा

सर्व्हरवर एसएसएच बसलं की तो स्वतःसाठी किल्ल्यांची जोडी बनवतो. एक खासगी, जिनं त्या सर्व्हरच्या डिस्कबाहेर पाऊल टाकायचं नाही. दुसरी जाहीर, जी कुणालाही द्यावी. खासगी किल्लीनं केलेली सही जाहीर किल्लीनं तपासता येते, पण जाहीर किल्ली हातात असून तशी सही करता येत नाही. सर्व्हरच्या या जोडीला होस्ट की म्हणतात. तुम्ही स्वतःच्या लॉगिनसाठी बनवता ती जोडी वेगळी. ती तुमची ओळख सर्व्हरला पटवते, ही सर्व्हरची ओळख तुम्हाला पटवते. नवखे लोक इथं हमखास गोंधळतात.

कनेक्शन जुळताना दोन्ही कॉम्प्युटर काही आकडे एकमेकांना देतात आणि त्यातून त्या बैठकीपुरतं एक गुपित तयार करतात. या देवाणघेवाणीचा सगळा हिशेब एकत्र करून सर्व्हर त्यावर खासगी किल्लीनं सही करतो. दर वेळी आकडे नवे, म्हणून दर वेळी सही नवी. कालची टिपून ठेवलेली सही आज चालत नाही. वहीचं उदाहरण इथं तोकडं पडतं, कारण वहीतल्या सहीचा मोबाइलवर फोटो काढता येतो, आणि सर्व्हरच्या सहीचा फोटो काढून काही उपयोग नाही.

मग अडचण कुठे आहे? ही सही तपासायला लागणारी जाहीर किल्ली सर्व्हरनंच, त्याच कनेक्शनवर पाठवलेली असते. मधला माणूसही स्वतःची किल्ली पाठवेल, स्वतःची सही करेल आणि गणित तंतोतंत जुळेल. समोरच्याकडे या किल्लीची जोडीदार आहे एवढंच गणिताला कळतं. ती किल्ली अंबडच्या कंपनीच्या सर्व्हरची की लॉजमधल्या शेजाऱ्याची, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून तर तो प्रश्न माणसाला विचारला जातो.

किल्ली लांबलचक असते, नजरेनं जुळवणं शक्य नसतं. म्हणून एसएचए२५६ या पद्धतीनं तिचं सार काढतात आणि ते ४३ अक्षरांत लिहितात. हाच ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट. २०१५ च्या आधीच्या ओपनएसएसएचमध्ये ठसा एमडी५ पद्धतीचा, दोन-दोन अक्षरांच्या १६ जोड्यांचा असायचा. जुन्या सर्व्हरच्या कागदपत्रांत तसा सापडला तर दचकू नका, त्याच किल्लीचं ते जुन्या लिपीतलं नाव आहे.

तुम्ही यस म्हटलंत की ही किल्ली तुमच्या लॅपटॉपवर ‘नोन होस्ट्स’ नावाच्या फाइलीत नोंदली जाते. पुढच्या वेळी लॅपटॉप गुपचूप तुलना करतो. जुळलं तर विचारतसुद्धा नाही. पहिल्या भेटीत ठेवलेला विश्वास पुढे चालवायचा, अशी ही रीत. ती अगदीच टाकाऊ नाही. फसवणाऱ्याला नेमक्या तुमच्या पहिल्याच भेटीला हजर राहावं लागतं, आणि ते बहुतेकांना जमत नाही. पण ज्याला जमलं त्याची किल्ली ‘ओळखीची’ म्हणून तुमच्या फाइलीत बसते. मग एक दिवस खरा सर्व्हर समोर येतो आणि लॅपटॉप त्याच्याच नावानं बोंब मारतो.

ठसा दुसऱ्या वाटेनं

“सरांना फोन लाव आणि सर्व्हरचा ठसा माग,” मी भाचीला म्हणालो.

“मामा, हसतील ते मला.”

“हसू दे की.”

सर हसले नाहीत. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, बघून पाठवतो. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर एक ओळ आली. भाचीनं पडद्याशी जुळवली. पहिलंच अक्षर वेगळं! तिचा चेहरा असा झाला की जणू शेजारच्या फ्लॅटमध्येच चोर सापडला.

ओळ नीट वाचल्यावर उलगडा झाला. सरांच्या ओळीच्या शेवटी कंसात ‘आरएसए’ लिहिलं होतं, आणि लॅपटॉप ईडी२५५१९ किल्लीचा ठसा दाखवत होता. एकाच सर्व्हरकडे बहुधा तीन जातींच्या किल्ल्या असतात: आरएसए, ईसीडीएसए आणि ईडी२५५१९. तिघींचे ठसे वेगळे. ठसा मागताना जात सांगून मागायचा, नाहीतर असा फुकटचा धसका बसतो. सर्व्हरवर त्यासाठी ‘एसएसएच-कीजेन -एल -एफ’ ही कमांड आणि पुढे जाहीर किल्लीच्या फाइलीचं नाव द्यायचं (टाइप करताना अर्थातच इंग्रजी छोटी अक्षरं). फाइली ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘एसएसएच’ या फोल्डरमध्ये असतात. जाहीर किल्लीच्या नावाशेवटी टिंब आणि ‘पब’ असतं.

सरांनी दुसरी ओळ पाठवली. मी भाचीला यस टाकू दिलं नाही. त्या ओळीतला अख्खा ठसा, सुरुवातीच्या ‘एसएचए२५६’ आणि विसर्गासारख्या दोन टिंबांसकट, प्रश्नापुढे चिकटवायला सांगितला. २०१९ च्या ओपनएसएसएच ८.० पासून ही सोय आहे. ‘यस’च्या जागी तुमच्याकडे आलेला ठसा दिला की तुलना कॉम्प्युटरच करतो. जुळलं तर पुढे जातो, नाही तर तिथंच अडून बसतो. प्रश्नाच्या कंसात ‘यस, नो’च्या पुढे ‘फिंगरप्रिंट’ हा तिसरा शब्द छापलेला असतो. तो कधीपासून आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि आपण तो वाचत नाही.

डोळ्यांनी जुळवण्यात काय वाईट आहे? माणूस पहिली चार अक्षरं बघतो आणि बाकीची असतील बरोबर म्हणून सोडून देतो. प्रत्येक जागी ६४ पैकी एक अक्षर येऊ शकतं. म्हणजे पहिली चार जुळणारी बनावट किल्ली मिळवायला सरासरी १ कोटी ६८ लाख किल्ल्या बनवून बघाव्या लागतील. ऐकायला आकडा मोठा, पण आजच्या साध्या लॅपटॉपचं तेवढं काम काही रात्रभराचंही नाही. सगळी ४३ जुळवणारी किल्ली मात्र कुणाच्या बापाला सापडायची नाही. फोनवर वाचून घ्यायची वेळ आली तर इंग्रजी कॅपिटल आय, छोटा एल आणि आकडा १ सांभाळा. कॅपिटल ओ आणि शून्यही. छोटं अक्षर की मोठं, हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं. कंटाळवाणं काम आहे.

ओपनएसएसएचमध्ये ठशाचं छोटं चित्र दाखवायचीही सोय आहे. ठिपक्यांच्या रांगोळीसारखं दिसतं. बुद्धिबळातला उंट दारू पिऊन तिरका-तिरका भटकला तर पटावर जी नक्षी उमटेल तसं ते काढतात, आणि त्या पद्धतीला इंग्रजीत खरोखरच ‘ड्रंकन बिशप’ म्हणतात. रोज एकाच सर्व्हरवर जाणाऱ्याला रांगोळी बदललेली पटकन खटकते. पहिल्या भेटीत मात्र तिचा काही उपयोग नाही, कारण खरी रांगोळी कशी असते हे कुणाला माहीत?

भाचीनं एक चांगला प्रश्न विचारला. व्हॉट्सॲपवर पासवर्ड पाठवू नये असं मीच तिला सांगतो, मग ठसा कसा चालतो? ठसा गुपित नाही. सगळ्या गावानं वाचला तरी बिघडत नाही. त्याच्याकडून आपल्याला एवढंच हवं असतं की वाटेत तो कुणी बदललेला नसावा, आणि तो सर्व्हरच्या कनेक्शनवरून न येता दुसऱ्या वाटेनं आलेला असावा. लॉजच्या वाय-फायवर बसलेल्याच्या हातात ही दुसरी वाट सहसा नसते. वाटा पुष्कळ आहेत. भाड्याचा क्लाउड सर्व्हर असेल तर होस्टिंग कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिन करून कन्सोल उघडता येतो. कन्सोल म्हणजे सर्व्हरला थेट पडदा आणि कीबोर्ड जोडल्यासारखं. बऱ्याच क्लाउड सर्व्हरच्या पहिल्या सुरुवातीच्या नोंदीतच तिन्ही ठसे छापलेले असतात. प्रोग्रामर आपला कोड जिथं ठेवतात त्या गिटहबसारख्या सेवा आपले ठसे संकेतस्थळावर जाहीर करतात. ऑफिसात सर्व्हर शेजारच्याच खोलीत असेल तर उठून जावं आणि बघावं, यासारखं उत्तम काही नाही.

वाट नसलेली गोष्टही सांगून ठेवतो. ‘एसएसएच-कीस्कॅन’ नावाचा एक प्रोग्राम सर्व्हरकडून जाहीर किल्ली आणून देतो, आणि अनेकजण तिचा ठसा काढून समोरच्या ठशाशी जुळवतात. जुळतोच. त्याच वाटेनं, त्याच माणसाला दुसऱ्यांदा विचारलं तर तो वेगळं काय सांगणार? नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोट खरी आहे का, हे ती देणाऱ्यालाच विचारून खिशात घालणारा माणूस या गावात तरी नसावा.

लाल इशारा

पहिल्या भेटीचा प्रश्न नम्र असतो. नंतर कधी किल्ली बदललेली दिसली तर नम्रता संपते. पडदाभर मोठी अक्षरं येतात, सर्व्हरची ओळख बदलली आहे, कुणीतरी काहीतरी वाईट करत असण्याची शक्यता आहे, म्हणून. आणि कनेक्शन तुटतं. नोन होस्ट्समधल्या कुठल्या ओळीशी भांडण आहे तेही सांगतात. ‘एसएसएच-कीजेन’ला कॅपिटल ‘आर’ आणि सर्व्हरचा पत्ता दिला की ती ओळ उडते, आणि परत पहिल्या भेटीचा नम्र प्रश्न. इंटरनेटवर शोधलं की बहुतेक ठिकाणी एवढंच औषध लिहिलेलं असतं.

आता डोळे मिटून यस टाकण्याचं मला मिळालेलं फळ. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ग्राहकाचा जुना सर्व्हर बंद करून मी नवा घेतला. पत्ता बदलला होता, पण माझ्या यादीत जुनाच राहिला. काही आठवड्यांनी यादीतल्या त्या पत्त्यावर गेलो तर लाल इशारा. मनात म्हटलं, सर्व्हर नवा, किल्ली बदलणारच. ओळ उडवली, यस टाकलं, पासवर्ड टाकला. नाकारला. बोट चुकलं असेल म्हणून परत टाकला. मग जुना असेल म्हणून दुसरा टाकून पाहिला. तिसऱ्यांदा नाकारल्यावर डोक्यात प्रकाश पडला: तो पत्ता होस्टिंग कंपनीनं केव्हाच दुसऱ्या कुणाला भाड्यानं दिला होता. मी माझे दोन खरे पासवर्ड एका अनोळखी माणसाच्या दारात ओरडून आलो होतो. नेहमीचं एसएसएच समोरून आलेले पासवर्ड लिहून ठेवत नाही, पण त्यात बदल करून ते लिहून ठेवणारे असतात. ती संध्याकाळ पासवर्ड बदलण्यात गेली. लॅपटॉपनं त्याचं काम केलं होतं. मी त्याला गप्प बसवलं.

बहुतेक लाल इशाऱ्यांमागे चोर नसतो, हे कबूल करायला हवं. सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल केला, पत्ता दुसऱ्या मशीनला गेला, किल्ल्या मुद्दाम बदलल्या, असलंच काहीतरी निघतं. नेमकी हीच अडचण आहे. शंभरदा खोटा भोंगा ऐकलेला माणूस खरा वाजला तरी कूस बदलून झोपतो. म्हणून सवय एवढीच लावायची की ओळ उडवण्याआधी कारण कळलं पाहिजे, आणि नवा ठसा पुन्हा दुसऱ्या वाटेनं आला पाहिजे.

२४ मार्च २०२३ ला जगभरच्या प्रोग्रामरांना एकदम हा इशारा दिसला. गिटहबची खासगी आरएसए किल्ली थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या कोठारात, उघडी पडली होती. आपल्या घड्याळात सकाळी साडेदहाच्या सुमाराला त्यांनी ती बदलली. ती किल्ली कुणी उचलली असती तर त्याला गिटहबचं सोंग घेता आलं असतं, आणि ज्यांच्याकडे जुनी नोंद होती त्यांच्या लॅपटॉपला काडीचा संशय आला नसता. म्हणजे त्या दिवशी हा इशारा दिसणं हे सगळं ठीक चालल्याचं लक्षण होतं. नवा ठसा गिटहबनं आपल्या संकेतस्थळावर छापला. ज्यांनी तो तिथून घेऊन जुळवला त्यांचं काम पाच मिनिटांत झालं. ईसीडीएसए आणि ईडी२५५१९ वापरणाऱ्यांना काहीच करावं लागलं नाही.

ठसा जुळला म्हणजे सगळं जिंकलं, असंही नाही. डेबियन लिनक्समधल्या एका चुकीमुळे सप्टेंबर २००६ ते मे २००८ या काळात बनलेल्या किल्ल्यांमागची यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली होती. एका जातीच्या, एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३३ हजारच निघू शकत होत्या. ठसा बरोबर, आणि तीच किल्ली दुसऱ्यालाही बनवता येणारी. आजही कुणी तयार सर्व्हरची प्रत काढून दहा नवे सर्व्हर उभे करतो आणि किल्ल्या बदलायला विसरतो. मग दहाही भावंडं एकच सही करतात.

पासवर्डऐवजी स्वतःच्या किल्लीनं लॉगिन करणारे म्हणतात, आम्हाला काय भीती? थोडी कमी, हे खरं. तुमच्या किल्लीची सही त्या एका बैठकीशी बांधलेली असते, मधल्याला ती उचलून खऱ्या सर्व्हरला दाखवता येत नाही. पण तो स्वतःच सर्व्हर बनून तुम्हाला आत घेऊ शकतो. तुम्ही त्याच्या पडद्यावर सुडोचा, म्हणजे सर्व्हरचे पूर्ण अधिकार मिळवायचा, पासवर्ड टाइप केलात, ग्राहकांची फाइल चढवलीत, की झालं.

सर्व्हर दोन-चार असतील तर हे सगळं हातानं जमतं. पन्नास झाले की माणूस पळवाटा शोधतो. सेटिंगमध्ये तपासणी ‘नो’ करायची आणि नोन होस्ट्सची फाइल रिकाम्या खड्ड्याकडे वळवायची, हा त्यातला सगळ्यात लाडका उपाय. म्हणजे रोजची भेट पहिलीच भेट, आणि विचारणारंही कुणी नाही. त्यापेक्षा ‘ॲक्सेप्ट-न्यू’ ठेवा. २०१७ पासून आहे. नवा सर्व्हर न विचारता नोंदतो, पण बदललेल्या किल्लीला दारात उभं करत नाही. खरा मोठ्या कंपनीचा उपाय म्हणजे होस्ट सर्टिफिकेट: कंपनीची एक मुख्य किल्ली प्रत्येक सर्व्हरच्या किल्लीवर सही करून ठेवते आणि लॅपटॉपला तेवढी एकच मुख्य किल्ली ओळखावी लागते. ठसे डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नावपत्त्यांच्या यादीत, ठेवायचीही पद्धत २००६ पासून आहे, पण डीएनएसचं उत्तर सहीशिक्क्याचं, म्हणजे डीएनएससेकचं नसेल, तर ती वाटही मधल्या माणसाच्याच अंगणातून जाते.

मी लहान माणूस, माझ्याकडे वही आहे. टेबलाच्या खणातली दोनशे पानी. एका ग्राहकाला एक पान, प्रत्येक सर्व्हरखाली तीन ओळी, छापून चिकटवलेल्या.

गेल्या फेब्रुवारीत, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना, रात्री अकराला दिंडोरीकडच्या एका पॅकहाउसमधून फोन आला. शीतगृहाच्या तापमानाच्या नोंदी ज्या सर्व्हरवर जातात तिथं त्यांचा ऑपरेटर रोज लॉगिन करतो.

“साहेब, पडदाभर मोठी अक्षरं आलीत. पुढं जाऊ देईना. कंटेनर सकाळी भरायचाय.”

“काही टाइप करू नका. पडद्याचा फोटो पाठवा.”

फोटो आला. वही काढली. ठसा पानावरच्या तिन्ही ओळींपैकी एकीशीही जुळेना. पाठीतून एक कळ गेली, आणि मग आठवलं: दुपारी डिस्क खराब झाली म्हणून मीच तो सर्व्हर नव्यानं इन्स्टॉल केला होता. सगळा डेटा परत चढवला, आणि जुन्या होस्ट किल्ल्या तेवढ्या परत ठेवायच्या विसरलो. तरी फोनवर ‘हो हो, टाका यस’ म्हटलं नाही. होस्टिंग कंपनीच्या संकेतस्थळावरून कन्सोल उघडला, ठसा काढला, ऑपरेटरच्या फोटोशेजारी ठेवून ४३ अक्षरं बोटानं मोजत जुळवली. मग ती ओळ त्याला पाठवली, जुनी नोंद कशी उडवायची ते सांगितलं, आणि ‘यस’च्या जागी ही ओळ चिकटवा म्हटलं.

“झालं साहेब. पासवर्ड विचारतोय.”

वहीतल्या तिन्ही जुन्या ओळींवर रेघ मारली, शेजारी तारीख घातली आणि प्रिंटर झोपलेला होता म्हणून नव्या ओळी हातानंच लिहिल्या.